नवा कॉम्प्युटर चालू होईना : आठ दिवसांची नोंद

२० ऑगस्ट २०२३, रविवार, दुपारचे साडेतीन. सकाळी दहापासून जमिनीवर चादर अंथरून, एकेक भाग जोडून तयार केलेल्या नव्या कॉम्प्युटरचं बटण मी दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. दाबून धरलं. मागचा स्विच बंद-चालू करून परत दाबलं. पंखा नाही, दिवा नाही, आवाज नाही. जवळजवळ एकतीस हजारांचं सामान समोर गप्प उभं होतं आणि माझ्या पोटात गोळा आला.

तो चालू झाला पुढच्या रविवारी, २७ तारखेला. मधल्या दिवसांत काय काय केलं ते क्रमाने लिहून ठेवतेय. त्या पहिल्या रात्री मला सगळ्यात जास्त गरज होती ती कुणीतरी 'आधी हे बघ, मग ते बघ' असं आपल्या भाषेत सांगण्याची.

थोडं मागचं सांगते. मी घरून डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम करते. आम्ही नाशिकरोडला, जेलरोड भागात राहतो. वर्षभर पुस्तकं, स्मरणिका, पत्रिका चालू असतात आणि ऑगस्टपासून दिवाळी अंकांची पानं सुरू होतात. माझा जुना कॉम्प्युटर दहा वर्षं चालला आणि ८ ऑगस्टला बसला. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या दादांनी उघडून दाखवलं, मदरबोर्डवरचे, म्हणजे सगळे भाग ज्याला जोडतात त्या मुख्य पाटीवरचे, तीन कपॅसिटर फुगले होते, एकाच्या डोक्यावर तपकिरी गळती वाळलेली. "ताई, यात आता पैसे घालू नका. हार्ड डिस्क चांगली आहे, ती सांभाळा," म्हणाले. हातात १४४ पानांचा दिवाळी अंक होता आणि पहिली ६४ पानं ३१ ऑगस्टला संपादकांना द्यायची होती. लेकीच्या लॅपटॉपवर मजकूर टाइप करता येत होता, पण चित्रांसकट पानं लावायला तो पुरत नव्हता.

तयार कॉम्प्युटरचे भाव माझ्या आवाक्याबाहेर जात होते. पुण्याच्या भाच्याने फोनवर यादी करून दिली. "मावशी, सुटे भाग घे आणि घरीच जोड, मी व्हिडिओ कॉलवर असेन," असं म्हणाला. रायझेन ५ ५६००जी प्रोसेसर ११,५०० रुपये. यात ग्राफिक्स आतच असल्याने वेगळं कार्ड लागत नाही. ८-८ जीबीच्या दोन रॅम ३,४०० आणि ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे बोर्डाच्या खाचेत बसणारी वेगवान डिस्क, २,६००. हे तिन्ही ऑनलाइन मागवलं, ते १७ तारखेला आलं. बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड ६,२००, ५५० वॅटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवतो तो) ४,०००, कॅबिनेट ३,२००. हे जड सामान कुरिअरने नको म्हणून १८ तारखेला नाशिक शहरात, कॅनडा कॉर्नरच्या बाजूला एका दुकानातून आणलं. एकूण ३०,९००. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस जुनेच.

दुकानात मी मदरबोर्ड मागितला. प्रोसेसर कोणता लावणार आहे ते सांगितलं नाही आणि दुकानदारांनीही विचारलं नाही. तुम्ही भाग दोन ठिकाणांहून घेणार असाल तर दोन्हीकडे पूर्ण यादी दाखवा. हे वाक्य मी आधी कुठे वाचलं असतं तर माझे पाच दिवस वाचले असते.

आता त्या रविवारकडे येते.

आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सला होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. दुपारची झोप झाल्यावर ते बाहेर आले, माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता लेकीची नववीची अर्धी कोरी वही मागून घेतली. तीन रकाने आखले. किती वाजता, काय केलं, काय दिसलं. "आधी लिहायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहायचं. दोन बदललीस तर कशाने झालं ते कळणार नाही."

पहिली नोंद माझ्या लेकीमुळे झाली. ती म्हणाली, "आई, तू पहिल्यांदा बटण दाबलंस ना, तेव्हा पंखा हलला होता. अर्धा फेरा फिरला आणि थांबला." मी बटणाकडे बघत होते, मला दिसलंच नव्हतं. बाबांनी मागचा स्विच बंद करून वायर काढून ठेवायला सांगितली. पाच मिनिटं थांबलो. परत लावून दाबलं, या वेळी तिघांचे डोळे पंख्यावर. खरंच, प्रोसेसरवरचा पंखा जेमतेम अर्धा फेरा हलला आणि थांबला. त्यानंतर कितीही वेळा बटण दाबलं तरी ढिम्म.

त्या अर्ध्या फेऱ्यात अर्धं उत्तर होतं, पण ते कळायला मला आणखी दोन दिवस लागले. 'चालू होत नाही' ही एक तक्रार नाही, चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत. काहीच हालचाल नसेल तर वीज, वायर, एसएमपीएस किंवा बटण बघायचं. पंखा हलून थांबत असेल तर बहुतेक वेळा कुठेतरी शॉर्ट असतो. एसएमपीएस तो ओळखतो आणि स्वतःला बंद करून घेतो, आणि मागची वीज तोडून थोडं थांबल्याशिवाय परत प्रयत्न करत नाही. पंखे नीट फिरताहेत पण डिस्प्ले नाही, तर रॅम, प्रोसेसर, बायोस (मदरबोर्डवरच्या चिपमधला, सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम), मॉनिटरची केबल. आणि डिस्प्ले येतो पण विंडोज येत नाही, तर डिस्क. दुकानात फोन करताना नुसतं 'चालू होत नाही' म्हटलं की समोरचाही अंदाजच बांधतो. यातली नेमकी कोणती अवस्था आहे ते सांगितलं की बोलणं लगेच कामाचं होतं.

त्याच संध्याकाळी आणखी एक गोष्ट सापडली. मी अनवाणी होते आणि मागची वायर हलवताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला, तर बोटांत झिणझिण्या आल्या. बाबांचा आवाजच बदलला. "हात काढ. आधी अर्थिंग, बाकी सगळं नंतर." त्यांनी मल्टीमीटर आणला. भिंतीतल्या सॉकेटवर फेज-न्यूट्रल २३४ व्होल्ट, फेज-अर्थ २३२, न्यूट्रल-अर्थ २. म्हणजे घरचं अर्थिंग ठीक होतं. पण आमचा एक्स्टेन्शन बोर्ड उघडला तर आत अर्थची हिरवी वायर स्क्रूमधून निसटून लोंबत होती. अर्थ नसेल तर एसएमपीएसमधली किंचित गळती जायला वाट उरत नाही, ती कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन बसते. कॉम्प्युटर चालू न होण्याशी याचा संबंध नव्हता, पण दोन-तीन वर्षं आमचं सगळं त्याच बोर्डावर चालत होतं. दुसऱ्या दिवशी नाशिकरोडच्याच बिटको भागातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून ४८० रुपयांचा नवा, चांगल्या जाडीच्या वायरीचा बोर्ड आणला. तुमच्याही कॅबिनेटला झिणझिण्या येत असतील तर सवय म्हणून सोडून देऊ नका.

सोमवारी, २१ तारखेला नागपंचमी होती. आमच्याकडे त्या दिवशी चिरत-कापत नाहीत, तवा ठेवत नाहीत, आणि सासूबाईंच्या हिशेबात स्क्रूड्रायव्हरही त्यातच बसतो. त्यांनी पुरणाची दिंडं केली होती. मी दिवसभर लॅपटॉपवर मजकूर टाइप केला आणि पेटीला हात लावला नाही. खरं सांगायचं तर त्या सुट्टीची मला गरज होती. रविवारी रात्री अकरापर्यंत मी तेच तेच स्क्रू सोडवत-आवळत बसले होते आणि वहीत शेवटच्या चार नोंदी एकसारख्या होत्या.

मंगळवारी सकाळी एसएमपीएसपासून सुरुवात केली. त्याच्या सगळ्या वायरी बोर्डापासून सोडवल्या. २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर एकच असते. वीज बंद असताना तिची पिन आणि शेजारच्या काळ्या वायरीची पिन एका छोट्या तारेने जोडायची आणि मग मागचा स्विच चालू करायचा. बोर्डाशिवाय एसएमपीएस जिवंत आहे का ते यातून कळतं. पंखा फिरायला लागला. बाबांनी मीटर लावला, पिवळ्या वायरीवर १२.१, लालवर ५.०५, नारिंगीवर ३.३. सगळं जागच्या जागी. जांभळ्या वायरीवर कॉम्प्युटर बंद असतानाही ५ व्होल्ट असतात, म्हणूनच आत हात घालण्याआधी मागची वायर काढायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आणि एसएमपीएसची पेटी मात्र कधीही उघडायची नाही, आतले कपॅसिटर वीज काढल्यावरही भरलेले राहतात. हे बाबांनी मला आणि लेकीला प्रत्येकी दोनदा सांगितलं. रंगीत वायरीऐवजी सगळ्या काळ्या असतील आणि घरात मीटर धरणारं कुणी नसेल, तर ही चाचणी दुकानातच करून घ्या.

एसएमपीएस चांगला म्हटल्यावर भाच्याने पुढचं सुचवलं. बोर्ड कॅबिनेटबाहेर काढायचा आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालवायचा. ज्या चकचकीत पिशवीत बोर्ड येतो तिच्यावर ठेवायचा नाही, तिच्या बाहेरच्या बाजूने वीज वाहू शकते. खोक्यावर बोर्ड, त्यात प्रोसेसर, त्याला थंड ठेवणारा पंख्याचा कूलर, एकच रॅम. एसएमपीएसच्या दोन वायरी, मोठी २४ पिनांची आणि प्रोसेसरजवळची ८ पिनांची. बटण कॅबिनेटला राहिलं, म्हणून बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवायचं. माझा हात थरथरत होता. टेकवलं, आणि पंखा फिरला. फिरतच राहिला.

लेकीने टाळ्या वाजवल्या. बाबा मात्र रिकाम्या कॅबिनेटपाशी जाऊन बसले आणि मोबाइलचा टॉर्च आत धरला. "इकडे ये," म्हणाले. कॅबिनेटच्या पाठीला पितळी षटकोनी खुंट्या असतात, ज्यांच्यावर बोर्ड ठेवून स्क्रू आवळायचे. त्यांना स्टँडऑफ म्हणतात. कारखान्यातूनच नऊ बसवून आल्या होत्या. आमच्या बोर्डाला भोकं होती आठ. नववी खुंटी बोर्डाच्या बरोबर पोटाखाली येत होती. बोर्ड उलटा करून पाहिला तर सोल्डरच्या टोकदार ठिपक्यांमध्ये दोन ठिपके किंचित चपटे झालेले आणि मध्ये केसाएवढा पिवळसर ओरखडा. दोन दिवस मला अडवून धरणारी गोष्ट माझ्या करंगळीच्या नखाएवढी होती. मी ती पक्कडने काढून डबीत ठेवली. बोर्ड कॅबिनेटमध्ये ठेवण्याआधी भोकं मोजा, खुंट्या मोजा, जास्तीच्या काढून टाका. दोन मिनिटांचं काम आहे.

पण आनंद अर्धाच होता. पंखा फिरत होता, मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल'. म्हणजे आम्ही दुसऱ्या अवस्थेतून तिसऱ्या अवस्थेत आलो होतो.

बुधवार, २३ ऑगस्ट हा सगळ्यात लांब दिवस. हॉलमधल्या टीव्हीला एचडीएमआय लावून पाहिलं, तिथेही काळंच. रॅमची जागा बदलली. बोर्डाच्या पुस्तिकेत एकच रॅम असेल तर कोणत्या खाचेत लावायची ते दिलेलं असतं, बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसरी. एक रॅम, मग दुसरी, मग दोन्ही. रॅम बसवताना आपल्याला वाटतं त्याहून जास्त जोर लागतो, खटका बसल्याचा आवाज यायला हवा. नाण्यासारखा सेल काढून दहा मिनिटं बाहेर ठेवला, म्हणजे बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात. प्रोसेसरजवळची ८ पिनांची वायर काढून परत बसवली. प्रत्येक गोष्टीची वहीत एक ओळ, आणि तिसऱ्या रकान्यात एकच उत्तर, 'पंखा चालू, डिस्प्ले नाही'.

दुपारी बिटकोला जाऊन ४० रुपयांचा स्पीकर आणला. बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा, चार पिनांवर बसतो. हल्ली बोर्डासोबत देत नाहीत, पण माझ्या मते नवीन जोडणाऱ्या प्रत्येकाकडे हा हवाच. यात खरी गंमत कळते ती रॅम काढल्यावर. दोन्ही रॅम काढायच्या आणि चालू करायचं. प्रोसेसर आणि बोर्ड कामाला लागले असतील तर रॅम नाही म्हणून बोर्ड बीप-बीप करून ओरडतो. ते ओरडणं चांगलं लक्षण. आमचा बोर्ड ओरडला नाही. रॅम असताना गप्प, नसतानाही गप्प. म्हणजे रॅमपर्यंत गोष्ट पोचतच नव्हती. अडलं होतं ते त्याच्या आधी, प्रोसेसर, बोर्ड किंवा त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं यात.

मग प्रोसेसर काढून बघायचं ठरलं आणि ती माझ्यासाठी या आठवड्यातली सगळ्यात भीतीची वेळ होती. माझ्या प्रोसेसरच्या एएम४ प्रकारात पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, १३३१. कूलर सरळ वर ओढला तर उष्णता वाहून नेण्यासाठी दोघांमध्ये लावलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून, म्हणजे बोर्डावरच्या त्याच्या जागेतून, उपटून येतो आणि पिना वाकतात. आणि वाकलेल्या पिनांचं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत. स्क्रू सोडवून कूलर हलक्या हाताने डावी-उजवीकडे पिळत राहिले, चिकट पेस्टची पकड सुटल्याचं बोटांना जाणवलं, तेव्हाच उचलला. छपाईचे ठिपके तपासायला माझ्याकडे भिंग आहे. खिडकीशी बसून त्या भिंगाने पिनांची एकेक रांग पाहिली. सोनेरी पिना ओळीने उभ्या, शेतातल्या रोपांसारख्या. एकही वाकलेली नव्हती. जुनी पेस्ट पुसून १५० रुपयांची नवी ट्यूब उघडली, मसुराच्या दाण्याएवढा ठिपका मध्ये ठेवला आणि परत बसवला. फरक शून्य.

रात्री मोबाइलवर आठवण आली. प्रोसेसर १७ तारखेला आला होता, बदलून मिळायची मुदत सात दिवसांची, म्हणजे दुसऱ्या दिवशी संपणार. हे फार कठीण असतं. भाग खराब आहे की नाही ते कळलेलं नसतं आणि मुदत मात्र धावत असते. मी साडेअकराला बदलीचा अर्ज भरला, कारण लिहिलं, खोक्याचे, सिरीयल नंबरचे फोटो जोडले. झोप लागली नाही. चांगला भाग आपण खराब म्हणून परत पाठवतोय का, हे डोक्यातून जाईना.

गुरुवारी सकाळी बाबा वही वाचत चहा घेत होते. म्हणाले, "अगं, बोर्ड जिथून आणलास त्यांना एकदा विचारलंस का? प्रेसमध्ये नवं मशीन आलं की आम्ही आधी पुरवठादाराला बोलवायचो." साडेदहाला दुकान उघडल्यावर फोन केला. यावेळी 'चालू होत नाही' म्हटलं नाही. वहीतून वाचून दाखवलं. पंखा चालू, डिस्प्ले नाही, रॅम काढून बीप नाही, पिना सरळ.

समोरून पहिला प्रश्न आला, "ताई, प्रोसेसर कुठला लावलाय?"

"५६००जी."

"अहो, मग बायोस जुना असणार. तो बोर्ड आधीच्या लॉटमधला आहे. घेऊन या, अपडेट करून देतो. प्रोसेसर परत पाठवू नका."

मी लगेच बदलीचा अर्ज रद्द केला. नवा प्रोसेसर आला असता तरी अगदी हेच झालं असतं.

दुकानात मग त्यांनी मला नीट समजावलं, ते इथे लिहिते. बी४५० चिपसेट २०१८ मधला, ५६००जी प्रोसेसर २०२१ मधला. सॉकेट तोच असल्याने प्रोसेसर बसतो, खटका लागतो, सगळं बरोबर दिसतं. पण बोर्डावरच्या बायोसच्या चिपमध्ये जो प्रोग्राम असतो तो बोर्ड बनला तेव्हाचा. पुढे निघालेला प्रोसेसर त्याला ओळखूच येत नाही, म्हणून तो सुरुवातच करत नाही. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते आणि प्रत्येकासमोर कोणत्या नंबरचा बायोस लागतो ते दिलेलं असतं. तो नंबर दुकानात बोर्ड घेतानाच विचारायचा. काही खोक्यांवर 'रायझेन ५००० साठी तयार' असा स्टिकर असतो. माझ्या खोक्यावर तो नव्हता, हे मी नंतर पाहिलं. काही बोर्डांना मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं, त्यांचा बायोस प्रोसेसर न ओळखताही नुसत्या पेनड्राइव्हने बदलता येतो. माझ्या बोर्डाला ते नव्हतं.

शुक्रवारी, २५ तारखेला बोर्ड, प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि बिल घेऊन निघाले. प्रोसेसर त्याच्या प्लास्टिकच्या घडीत, मग डब्यात, डबा मांडीवर. सिटीलिंकची बस द्वारका चौकात अर्धा तास अडकली. पोचले तेव्हा कळलं की टेक्निशियन साइटवर गेलाय, आज येणार नाही. सामान ठेवून जा म्हणाले. इथे एक काम न विसरता करा, जॉबशीट, म्हणजे दुरुस्तीला ठेवलेल्या सामानाची पावती, मागा. त्यावर बोर्डाचा सिरीयल नंबर, सोबत दिलेल्या प्रत्येक वस्तूचं नाव आणि 'पिना सरळ आहेत' हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या. मी भिंग काढून त्यांच्यासमोर पिना दाखवल्या. त्यांना राग आला नाही, उलट म्हणाले सगळ्यांनी असंच करायला हवं. सिरीयल नंबर बिलावर नव्हता, तोही तेव्हाच लिहून शिक्का मारून घेतला. बोर्डाची आणि प्रोसेसरची वॉरंटी तीन-तीन वर्षांची आहे, आणि कागद नसेल तर ती वर्षं वाया जातात. रिकाम्या हाताने परत आले. बसभाडं, रिक्षा धरून शुक्रवार-शनिवार दोन दिवसांत १९० रुपये गेले, आणि कामाचा एक अख्खा दिवस.

शनिवारी बाराला टेक्निशियन होता, पंचविशीतला मुलगा. त्याने ड्रॉवरमधून एका छोट्या डबीतला जुना रायझेन ३ ३२००जी काढला. खास यासाठीच ठेवलाय म्हणाला. तो माझ्या बोर्डात बसवला, चालू केलं, आणि पाच दिवसांत पहिल्यांदा त्या बोर्डाने पडद्यावर अक्षरं दाखवली. बायोसची तारीख २०१९ ची. मी त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिले.

त्याने एफएटी३२ मध्ये (फाइली साठवायच्या एका पद्धतीत) फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर कंपनीच्या साइटवरची फाइल घेतली होती. आधी एक मधलं व्हर्जन टाकायला लागलं, मग शेवटचं. टेबल इन्व्हर्टरवर होतं, कारण अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. प्रत्येक वेळी चार-पाच मिनिटं. टक्केवारी वर सरकत होती आणि आम्ही दोघंही काही बोलत नव्हतो. मग जुना प्रोसेसर काढून माझा बसवला. पडदा काळा. पाच सेकंद, दहा, पंधरा. आणि इंग्रजीत एक संदेश आला, नवीन प्रोसेसर दिसतोय, एफटीपीएम (एन्क्रिप्शनच्या, म्हणजे फाइलींच्या कुलपांच्या किल्ल्या ठेवणारा भाग) रीसेट करायचं का, वाय की एन. हा संदेश घरी आला असता तर मी घाबरले असते. नव्या कॉम्प्युटरवर, डिस्कवर काही एन्क्रिप्ट केलेलं नसताना वाय दाबायचं. त्याने मलाच दाबायला सांगितलं. दाबलं, आणि '५६००जी' ही अक्षरं पडद्यावर आली. माझे डोळे भरून आले. तो मुलगा गडबडला, पाणी आणून दिलं.

मालकांनी ३०० रुपये घेतले. आधी प्रोसेसर विचारायला हवा होता, असं ते स्वतःहून म्हणाले. मीही सांगायला हवं होतं.

रविवारी घरी परत जोडणी केली. या वेळी अडीच तास लागले. आठ भोकं, आठ खुंट्या, लेकीने बोट ठेवून मोजल्या. सायंकाळी सात चाळीसला बटण दाबलं आणि मी पंख्याकडेच पाहिलं. फिरला. डिस्प्ले आला. एसएसडी दिसेना, पण आता तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं ते माहीत होतं. ती खाचेत पुरती सरकलेली नव्हती, तिरकी धरून आत ढकलली, स्क्रू लावला, दिसली. विंडोज टाकेपर्यंत जुनी हार्ड डिस्क जोडू नका, नाहीतर बूटच्या फाइली तिच्यावर जाऊन बसतात आणि पुढे ती काढली की नवा कॉम्प्युटर उठत नाही. भाच्याने हे वेळेवर सांगितलं. सोमवारी जुनी डिस्क जोडली, फॉन्ट टाकले, श्रीलिपीतल्या जुन्या फाइली उघडल्या. दिवाळी अंकाचं १७ वं पान जिथे सोडलं होतं तिथेच होतं.

वरखर्च ४८०, ४०, १५०, ३०० आणि १९०, मिळून १,१६०. त्यातला एक्स्टेन्शन बोर्ड कधीतरी आणायलाच हवा होता.

वही मात्र बाबांनी २७ तारखेला बंद करू दिली नाही. मशीन लोडवर चालल्याशिवाय काम पूर्ण झालं असं लिहायचं नसतं, हा त्यांचा प्रेसमधला नियम. ३१ ऑगस्टला रात्री साडेनऊला ६४ पानांची पीडीएफ संपादकांना गेली. मग त्यांनी वही मागितली आणि त्यांच्या सरळ, टपोऱ्या अक्षरात लिहिलं : 'कारण १, जादा खुंटी. कारण २, बायोस जुना. चार दिवस लोडवर, ठीक.' खाली सही केली, माझी घेतली, आणि वही लेकीपुढे सरकवली. "तूही कर. पंखा तू पाहिला होतास."